टॅबचं चार्जिंग पोर्ट: आधी टूथपिक, मग स्क्रूड्रायव्हर

टॅब चार्ज होईना की लोक थेट नवं पोर्ट शोधायला लागतात. थांबा जरा! आधी दुसरी केबल आणि दुसरा चार्जर लावून बघा. बऱ्याचदा केबलच गेलेली असते.

केबल आत पूर्ण बसत नसेल तर टॉर्च मारून बघा. बॅगेतली धूळ, कापडाचे तंतू दाबले जाऊन तळाशी घट्ट थर बसतो. टॅब बंद करा आणि लाकडी टूथपिकने कडेकडेने हळूच उकरा. सुई, टाचणी अजिबात नको. टाइप-सी पोर्टच्या मधल्या पातळ पट्टीवर दोन्ही बाजू मिळून 24 पिना मावतात. एखादी वाकली की काम वाढलंच. गंज दिसला तर मऊ ब्रशने थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि पूर्ण सुकू द्या. (सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं.)

तरीही पोर्ट डुगडुगतंय? मग मॉडेल नंबर टाकून आतली रचना दाखवणारा व्हिडिओ शोधा. काही टॅबमध्ये पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर असतं. स्क्रू आणि पट्टीसारखी केबल काढली की अख्खा बोर्ड बदलता येतो, हे घरी जमण्यासारखं आहे. फक्त टॅब उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. पोर्ट मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असेल, तर माझ्या मते सरळ दुरुस्तीवाल्याकडे द्यावं.

आणि बॅटरी फुगलेली दिसली तर टॅब उघडू नका, चार्जिंगलाही लावू नका.