प्रत्याख्येय रुग्ण आणि वैद्याची उपेक्षा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे : मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी उपेक्षा. येथे ‘प्रकृतिस्थ’ म्हणजे मरणासन्न, असा अर्थ टीकेच्या परंपरेत लावला गेला आहे. विद्यार्थिदशेत हे चौथे पद आम्ही परीक्षेपुरते पाठ करून पुढे गेलो. व्यवसायात मात्र तेच वारंवार आडवे आले.

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातील सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आमच्याकडे आणले गेले. जठराचा कर्करोग यकृतात पसरलेला. मुंबईहून ‘आता घरी न्या’ असे सांगून पाठविलेले. बलमांसक्षय, अन्नद्वेष, पायांवर शोथ, अशी सारी चिन्हे समोर होती. थोरला मुलगा म्हणाला, “वैद्यराज, तुम्ही तरी नाही म्हणू नका. काहीतरी चालू ठेवा.” आम्ही नाही म्हणालो नाही. महागडे कल्प लिहून दिले. रुग्णाने मात्र निघताना हळूच सांगितले होते की, आपल्याला घरच्या सोप्यातच राहायचे आहे. तीन आठवड्यांनी एका रात्री वेदना असह्य झाल्या, मुलांनी घाबरून गाडी पुण्याकडे काढली आणि कराड ओलांडल्यावर त्यांनी गाडीतच प्राण सोडला. यात दोष मुलांचा नव्हे. मृत्यू जवळ आला आहे हे आम्हांस कळले होते आणि ते आम्ही कोणासही सांगितले नव्हते.

असाध्य व्याधीची चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची व यशाची हानी होते, असे सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात म्हटले आहे. या वचनाचा आधार घेऊन आपल्यापैकी काहीजण असा रुग्ण दारातूनच परत पाठवितात; काहीजण, जसे आम्ही, खोट्या आशेची पुडी बांधून देतात. आमच्या मते यांपैकी एकही उपेक्षा नव्हे. व्याधीचा पाठलाग सोडावा, व्याधिताला सोडू नये, इतकाच त्या शब्दाचा व्यवहार्य अर्थ आम्हांस दिसतो.

पाश्चात्य वैद्यकाने हाच विचार हॉस्पिस या नावाने बांधला. सिसिली सॉन्डर्स या विदुषीने 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आपल्याकडे मुंबईत वांद्र्यास 1986 साली शांती आवेदना सदन उभे राहिले आणि 1997 पासून पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र कार्य करीत आहे. मात्र हॉस्पिस म्हणजे मरणासाठी नेऊन ठेवण्याची इमारत, ही समजूत दुरुस्त केली पाहिजे. केरळात 1993 साली कालिकतला सुरू झालेल्या कार्यातून ही सेवा रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचली. गावोगावच्या वैद्याला अनुकरणीय आहे ते हेच.

ही वेळ आली हे ओळखावे कसे? अमेरिकेत सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरल्याचा अंदाज ही अट असते. आपल्याकडे रुग्ण त्याहून फार उशिरा येतो. आम्ही स्वतःस एक प्रश्न विचारतो : हा रुग्ण वर्षभरात गेला तर आपणांस आश्चर्य वाटेल काय? ‘नाही’ असे उत्तर आले, रुग्ण दिवसाचा बराच वेळ अंथरुणात असला, वजन सतत घटत असले, पुन्हा पुन्हा दवाखान्यात भरती होऊनही प्रत्येक वेळी तो अधिक खचून परतत असला, तर बोलण्याची वेळ झाली. हे केवळ कर्करोगाचे नाही. हृद्रोग, जुनाट श्वास, वृक्कांचा नाश, वार्धक्यातील स्मृतिभ्रंश यांतही हाच विचार करावा.

वेदनेविषयी आपण प्रामाणिक असावे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने देण्याच्या मॉर्फिनची जागा आपला कोणताही कल्प घेत नाही. अमली पदार्थविषयक कायद्यात 2014 साली दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना ते मिळविणे सुकर झाले. योग्य मात्रेत ते मृत्यू ओढवून आणीत नाही. अशा रुग्णास तज्ज्ञाकडे धाडण्यात वैद्याला कमीपणा कसला? मॉर्फिनने मलावष्टंभ हमखास होतो. तेथे त्या डॉक्टरांशी बोलून आपली मदत पहिल्या दिवसापासून द्यावी.

व्हेंटिलेटर नाकारणे हा गुन्हा ठरेल, ही भीतीही घरोघरी असते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली रुग्णाच्या पूर्वसूचनेस मान्यता दिली आणि 2023 साली तिची कार्यपद्धती सोपी केली, हे नातेवाइकांना सांगावे.

इंद्रियस्थानाच्या अखेरच्या अध्यायात, न विचारता मृत्यू वर्तवू नये आणि विचारले तरी जेथे आघात होईल तेथे बोलू नये, अशी आज्ञा आहे. तिच्या आडून आम्ही पुष्कळ वर्षे गप्प राहिलो. आता रुग्णास दिवस मोजून देत नाही. त्याला भीती कशाची वाटते, हे विचारतो. घरच्यांशी मात्र स्पष्ट बोलतो.

अलीकडेच शाहूवाडीकडील एका आजींच्या घरी असेच बोललो. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग सून म्हणाली, “खायला घातलं न्हाई तर पाप लागंल की.” भूक मेली आहे, बळे भरविल्यास घास श्वासनलिकेत जाईल, असे तिला समजाविले. मागतील तेवढीच पेज, ओल्या कापसाने तोंड पुसणे, ओठांना तूप, दर दोन तासांनी कूस बदलणे, एवढे सांगून निघालो. तिने दारापर्यंत येऊन विचारले, “उद्या येशीला न्हवं?”

आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, आणि पुढे नऊ दिवस जात राहिलो.