मेनफ्रेमच्या आभासी यंत्रात लिनक्सची स्थापना : काही रूढ गैरसमज

ज्यांची सारी उमेदवारी घरातल्या किंवा कचेरीतल्या लहान संगणकांवर झाली, अशा जाणत्या माणसांकडे जेव्हा आयबीएमच्या मेनफ्रेमवर, झेड-व्हीएमच्या अंमलाखालील एखाद्या आभासी यंत्रात लिनक्स बसविण्याची कामगिरी प्रथमच येते, तेव्हा कार्डवाचक, ८० स्तंभ, सिलिंडर असले शब्द कानी पडून त्यांचा असा ग्रह होतो, की हे सारे उपचार केवळ जुन्या शिरस्त्यापायी पाळले जात आहेत आणि त्यांतला एखादा गाळला तरी फारसे बिघडणार नाही. हा ग्रह चुकीचा तर आहेच, पण कामाला अपायकारकही आहे. कारण ज्या पायरीचे प्रयोजन कळलेले नसते ती माणूस निष्काळजीपणाने ओलांडतो, आणि या स्थापनेत जे अडथळे वारंवार उद्भवतात त्यांचे मूळ बहुधा अशाच एखाद्या पायरीत असते.

आभासी यंत्राची कल्पना अलीकडच्या क्लाउडच्या जगात जन्मली व मेनफ्रेमने ती मागाहून स्वीकारली, ही समजूत इतिहासाच्या नेमकी उलट आहे. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली, आणि त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेतील केंब्रिज येथील तिच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीसी व त्यांचे सहकारी यांनी असा विचार केला, की एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटून द्यायचा तर प्रत्येकाला यंत्राचा तुकडा देण्यापेक्षा, स्मृती, प्रक्रियक, कार्डवाचक, मुद्रक यांसह एक संपूर्ण यंत्रच स्वाधीन केल्याचा प्रत्यय त्याला द्यावा. या विचारातून सीपी-४० ही प्रणाली निर्माण झाली व १९६७ च्या आरंभी ती वापरात आली; तिच्यामागून सीपी-६७ आली, २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० जाहीर झाली, आणि आजची झेड-व्हीएम ही त्याच घराण्यातली आहे. नवख्याला विचित्र वाटणाऱ्या गोष्टींपैकी बहुतेकांचे उत्तर त्या पहिल्या संकल्पातच आहे : आभासी यंत्र हे पूर्ण यंत्र असेल असे वचन दिले गेले होते, आणि ते आजतागायत पाळले जात आहे.

हे यंत्र नक्कल असल्यामुळे मंद असणार, असेही पुष्कळांना वाटते. हर्क्युलिससारखा कार्यक्रम, जो साध्या संगणकावर मेनफ्रेमच्या प्रत्येक आज्ञेचे अनुकरण करतो, त्याच्याविषयी हे म्हणणे यथार्थ आहे. झेड-व्हीएमखालील आभासी यंत्राच्या आज्ञा मात्र खरा प्रक्रियकच थेट पार पाडतो, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभापासून तर अतिथी प्रणाली चालविण्यासाठी एक स्वतंत्र आज्ञाच या यंत्रांच्या रचनेत अंतर्भूत झालेली आहे. नियंत्रक कार्यक्रमाला, म्हणजे सीपीला, मध्ये पडावे लागते ते काही मोजक्या प्रसंगीच.

लिनक्सला झेड-ओएसचा आधार लागतो, ही समजूत थोडक्यात निकालात काढता येते. झेड-ओएस ही निराळी कार्यप्रणाली आहे व या कामी तिची मुळीच गरज नाही. सीएमएसविषयीचा संभ्रम मात्र अधिक खोल आहे. आभासी यंत्रात प्रवेश केल्यावर समोर सीएमएस दिसते, तिच्यातच संचिकांची जुळवाजुळव करावी लागते, आणि म्हणून लिनक्स हे तिच्यावर उभे राहते असा निष्कर्ष सहज काढला जातो. वस्तुतः सीएमएस ही स्वतःच त्या यंत्रात चढविलेली एक लहानशी, एकाच वापरकर्त्यासाठी असलेली कार्यप्रणाली आहे. लिनक्सचे आरोहण (बूट) सुरू झाले की ती त्या यंत्राच्या स्मृतीतून पार नाहीशी होते. स्मृतीचे आकारमान वाढवायचे असल्यास तेही आधीच वाढवावे लागते, कारण ते वाढविण्याचा हुकूम दिला की यंत्र मूळपदावर येते आणि सीएमएस पुन्हा चढवावी लागते.

यंत्र अस्तित्वात येते कोठे, हा यापुढचा प्रश्न. चित्रांवर बोट ठेवून यंत्र निर्माण करण्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे पटायला वेळ लागतो, की येथे यंत्राचा जन्म एका दप्तरात होतो. वापरकर्त्यांच्या या नोंदवहीत यंत्राचे नाव, आरंभीची व कमाल स्मृती, त्याचा अधिकारवर्ग (सामान्य वापरकर्त्यास ‘जी’ हा वर्ग पुरतो) आणि त्याच्या वाट्याला आलेल्या चकत्यांचे विभाग हे सारे लिहिलेले असते. हे विभाग, ज्यांना मिनिडिस्क म्हणतात, मूळ चकतीच्या कितव्या सिलिंडरपासून किती सिलिंडरांपर्यंत आहेत याची नोंद सातबाऱ्यावरील क्षेत्राच्या नोंदीइतकीच निर्णायक असते. दोन खातेदारांच्या नावे एकच पट्टी चढली, तर नोंदवही सिद्ध करणारा कार्यक्रम हरकत घेतोच असे नाही, आणि एका यंत्राने लिहिलेले दुसऱ्याने पुसून टाकल्यावरच गोष्ट उघडकीस येते. हद्दींचा हा ताळा पाहण्यासाठी डिस्कमॅप नावाचे साधन आहे. ते मोकळ्या जागा व एकमेकींवर चढलेल्या हद्दी दोन्ही दाखविते, आणि त्याचा अहवाल पाहिल्यावाचून कोणीही पुढे जाऊ नये असे माझे ठाम मत आहे.

आता कार्डवाचकाकडे येऊ. लोखंडी कार्डवाचक केव्हाच निवृत्त झाले. तरीही प्रत्येक आभासी यंत्राला एक वाचक व एक पंच असतोच, आणि परंपरेने त्यांचे क्रमांक अनुक्रमे ००सी व ००डी असे असतात. पंचातून निघालेली ‘कार्डे’ कागदाची नसून सीपीच्या प्रतीक्षा-साठ्यात ठेवलेल्या नोंदी असतात, आणि पंचाचे तोंड आपल्याच वाचकाकडे वळविले की त्या तेथे जाऊन पडतात. प्रथम वाचक रिकामा करायचा, मग लिनक्सचा गाभा, त्यामागून प्राचलांची संचिका आणि शेवटी आरंभीची स्मृतिचकती, अशा क्रमाने तीन गठ्ठे त्यात टाकायचे, ते वाचल्यावर नष्ट होऊ नयेत म्हणून राखून ठेवण्याचा हुकूम द्यायचा, आणि मग ००सी वरून आरोहण करायचे, असा हा विधी आहे. हा क्रम लहरीचा नाही. या यंत्रांचे आरोहण १९६४ पासून एकाच रीतीने होत आले आहे : नेमलेल्या साधनाकडून पहिले २४ बाइट शून्य स्थानी वाचले जातात, त्यांत प्रक्रियकाची आरंभ-अवस्था व पुढील वाचनाच्या दोन आज्ञा असतात, आणि तेथून उरलेला कार्यक्रम स्वतःच स्वतःला आत ओढून घेतो. यासाठी साधनावर कोणतीही संचिका-व्यवस्था असण्याची गरज नाही. कोऱ्या यंत्राला, ज्याच्या चकतीवर अद्याप काहीच नाही, जागे करण्याचा याहून साधा मार्ग कल्पिणे कठीण आहे, आणि म्हणूनच तो टिकला.

कार्ड म्हटले की ८० स्तंभ आलेच. म्हणून गाभा व स्मृतिचकती या संचिका यंत्रावर आणताना त्या द्विमान स्वरूपात, कोणतेही वर्णांतर न होता, आणि ८० बाइटांच्या निश्चित लांबीच्या नोंदींत आणाव्या लागतात. येथे दुर्लक्ष झाले की संचिका आली असे दिसते, आकारही जुळतो असे वाटते, आणि आरोहण मात्र मुकाट्याने थांबते. प्राचलांच्या संचिकेची गोष्ट वेगळी. ती साधा मजकूर असल्यामुळे सीएमएसच्या संपादकात, मेनफ्रेमच्या एबसिडिक वर्णमालेत, लिहिली तरी चालते, कारण गाभा आरंभीच तिचे रूपांतर करून घेतो. यावरून मेनफ्रेमवरील लिनक्स अंतर्यामी एबसिडिकच बोलते असे जे अनुमान काढले जाते ते निराधार आहे. ते इतर यंत्रांवरील लिनक्सप्रमाणेच आस्की व युनिकोड वापरते. भेद आहे तो आज्ञांच्या संचात आणि संख्येतील बाइटांच्या क्रमात.

चकतीच्या बाबतीतला गैरसमज हिशेबाचा आहे. ३३९० जातीच्या तिसऱ्या नमुन्याच्या चकतीत ३,३३९ सिलिंडर, प्रत्येकात १५ मार्गिका, आणि प्रत्येक मार्गिकेत कमाल ५६,६६४ बाइट. गुणाकार केला तर सुमारे २.८४ अब्ज बाइट होतात. लिनक्ससाठी मात्र तीच मार्गिका ४,०९६ बाइटांच्या खंडांत आखावी लागते, असे खंड तिच्यात १२ च बसतात, आणि हाती सुमारे २.४६ अब्ज बाइट उरतात. ही तूट कोणी चोरलेली नसते. ती खंडांमधील अंतरात व प्रत्येक खंडाच्या शीर्षनोंदीत जाते. आजच्या साठवण-यंत्रणा ही चकती केवळ भासवितात, तरी भूमिती तीच ठेवतात. ही मूलभूत आखणी झाल्यावाचून विभागणी करता येत नाही, आणि नेहमीच्या मांडणीत एका चकतीचे तीनच विभाग पडू शकतात, हेही आधीच ध्यानी घ्यावे.

जाळ्याची जोडणी मागाहून पाहू, असे म्हणण्याची सोय येथे नाही. स्थापनेच्या वेळचा ३२७० पडदा ओळीओळीने चालतो, त्यावर चित्रमय प्रश्नोत्तरे होत नाहीत, आणि गाभा जागा झाल्यावर पुढचे सारे काम दुसऱ्या संगणकावरून, एसएसएच किंवा व्हीएनसीच्या द्वारे करायचे असते. तेव्हा यंत्राचा पत्ता, प्रवेशद्वार, नामसेवक, आणि जाळ्याच्या पत्रिकेचे वाचन, लेखन व विदा यांसाठीचे तीन साधनक्रमांक प्रथमपासून कागदावर हवेत.

स्थापना पुरी होऊन झीपल या आरोहकाने चकतीवर आपली नोंद केली, की यापुढे वाचकाऐवजी त्या चकतीच्या क्रमांकावरून आरोहण करावयाचे. येथे शेवटचा आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज उभा राहतो. काम झाले म्हणून माणूस सवयीने लॉगऑफ करतो, आणि त्यासरशी त्याचे संपूर्ण यंत्र, चालत्या लिनक्ससह, विसर्जित होते. कारण सीपीच्या दृष्टीने त्याचे खाते उघडे असणे आणि यंत्र अस्तित्वात असणे या दोन गोष्टी एकच आहेत. द्यायचा हुकूम डिस्कनेक्टचा आहे. पडदा सुटतो, यंत्र चालत राहते. त्यापूर्वी ‘सेट रन ऑन’ ही आज्ञा दिलेली असावी, एरव्ही पुन्हा जोडणी करताच यंत्र सीपीच्या आज्ञेची वाट पाहत थांबून राहते. आणि तुटलेल्या अवस्थेत ते असे अडकून पडले, तर ठरलेल्या मुदतीनंतर, जी सामान्यतः १५ मिनिटांची असते, सीपी त्याला बाहेर काढते. मेनफ्रेम नव्याने सुरू झाल्यावर आपले यंत्र आपोआप उभे राहावे असे वाटत असेल, तर ऑटोलॉग१ या खात्याच्या आरंभ-संचिकेत एक्सऑटोलॉगचा हुकूम आपल्या यंत्राच्या नावानिशी लिहावा, आणि आपल्या यंत्राच्या आरंभ-संचिकेत चकतीवरून आरोहणाची ओळ घालावी.