चेनव्हील किती दात्यांचं घ्यावं? गारा, वापसा आणि सायक्लोक्रॉस

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, आकडे तेच ठेवले आहेत.)

आजचा विषय दिसायला छोटा आहे, पण खिशाला आणि गुडघ्याला दोन्हीकडे लागतो. सायकलचं पुढचं दातेरी चक्र, म्हणजे पायडलजवळचं. ऑनलाइन दुकानात त्याला चेनरिंग म्हणतात, आपल्या गावातला मेकॅनिक चेनव्हील म्हणतो. मी चेनव्हीलच म्हणणार आहे.

प्रश्न असा, की सायक्लोक्रॉसची सायकल असेल, किंवा तशाच धाटणीची ग्रॅव्हल नाहीतर हायब्रिड असेल, आणि ती संग्रामपूरसारख्या ठिकाणी चालवायची असेल, तर पुढे किती दाते हवेत? आणि विकत घेताना काय तपासायचं, म्हणजे पार्सल परत पाठवायची वेळ येणार नाही?

सायक्लोक्रॉस म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. युरोपात, विशेषतः बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये, पावसाळी थंडीच्या दिवसांत होणारी ही शर्यत. साधारण अडीच ते साडेतीन किलोमीटरची फेरी, चिखल, गवत, वाळू, मध्येच अडथळे. सगळा खेळ तासाभराचा. जिथे सायकल चालत नाही तिथे उतरायचं, ती खांद्यावर टाकायची आणि पळायचं. याची पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसमध्ये झाली आणि ज्याँ रोबिक जिंकला. हाच रोबिक १९४७ ची टूर द फ्रान्सही जिंकला होता. आजच्या मोठ्या स्पर्धांमध्ये टायरची रुंदी ३३ मिलिमीटरच्या वर चालत नाही.

हे सगळं सांगायचं कारण एकच. सायकल खांद्यावर घेणं हा या खेळात पराभव नसतो, तो नियोजनाचा भाग असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपली जमीन काय म्हणते?

संग्रामपूर तालुक्यात दोन वेगळ्या दुनिया आहेत. उत्तरेला सोनाळा, टुनकीच्या पुढे सातपुड्याचा पायथा लागतो, तिथे मुरूम आणि दगडगोटे. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याकडे सपाट काळी जमीन. वरवट बकालहून शेगावकडे जाताना चढ असा नाहीच, तिथे भांडण फक्त समोरच्या वाऱ्याशी.

आणि मग आपल्या पांदणी. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, ज्याला आपण गारा म्हणतो. गाऱ्यात दहा पावलं चाललं तरी चप्पल किलोभराची होते. सायकलचं तर विचारूच नका. माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरते आणि चाक जागच्या जागी थांबतं. अशा वेळी पुढे ३० दाते असोत की ५०, काही फरक पडत नाही भाऊ. तिथे सायकल खांद्यावर.

पण पाऊस उघडून दोन-चार दिवस ऊन पडलं की वापसा येतो. शेतकऱ्याला हा शब्द सांगायला नको. माती ओलसर असते पण चिकटत नाही, पाय थोडा रुततो. सायकल चालते, पण जड चालते. वर बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. माझं आजचं सगळं म्हणणं एका वाक्यात: चेनव्हील वापशासाठी निवडा. गाऱ्यासाठी निवडण्यात अर्थ नाही आणि डांबरी रस्त्यासाठी निवडलं तर पांदणीत गुडघे बोलायला लागतात.

गणित पाचवीचं आहे

पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा घेर. ७०० च्या चाकावर ३३ चा टायर असेल तर घेर साधारण २.१५ मीटर धरा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते, ते मिळतं.

वापशाच्या पांदणीत माझा वेग ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास असतो. तोच धरून तीन जोड्या बघू.

• पुढे ४६, मागे २८: एका फेऱ्यात ३.५३ मीटर. मिनिटाला ४० फेरे.
• पुढे ३६, मागे २८: २.७६ मीटर. मिनिटाला ५१ फेरे.
• पुढे ३८, मागे ३४: २.४० मीटर. मिनिटाला ५९ फेरे.

वेग तिन्हीकडे तोच आहे. पण पहिल्या जोडीत प्रत्येक पायडलवर तिसरीच्या जवळपास दीडपट जोर लावावा लागतो. गुडघ्याचं सोडा, आणखी एक गोष्ट होते. ४० फेऱ्यांवर जोर झटक्याझटक्याने जातो आणि प्रत्येक झटक्याला मागचं चाक मातीत घसरतं. ६० च्या जवळ फेरे असले की जोर सलग जातो आणि टायर पकड सोडत नाही. म्हणजे लहान चेनव्हील हे अशक्त माणसाचं लक्षण नाही, तो पकडीचा विषय आहे.

"पण मग रस्त्यावर वेग मिळेल का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. पुढे ३८ आणि मागे सगळ्यात छोटं ११ घेतलं, तर एका फेऱ्यात ७.४३ मीटर. मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी ४० किलोमीटर. शेगावच्या रस्त्यावर याहून जास्त वेगाने तुम्ही रोज जात असाल तर हा भाग तुमच्यासाठी नाही, तुम्हाला माझा रामराम.

एक की दोन?

सायक्लोक्रॉसमध्ये वर्षानुवर्षं पुढे दोन चेनव्हील चालायची, ४६ आणि ३६. रोड सायकलला मिळणारी ५०-३४ ची जोडी वेगळी. पुण्या-नाशिकच्या ग्रुपमध्ये जो सल्ला मिळतो तो बहुतेक बीआरएमवाल्यांचा असतो, म्हणजे २०० ते ६०० किलोमीटर डांबरी रस्ता. सल्ला खोटा नाही, फक्त रस्ता तुमचा नाही.

२०१२ साली स्रॅमने एक्सएक्स वन हा गिअरसेट आणला. त्याच्या एकेरी चेनव्हीलवर एक दाता जाड, एक बारीक अशी रचना होती. चेनच्या कड्यांमध्येही एक जागा रुंद आणि एक अरुंद असते, त्यामुळे दाते नेमके बसतात आणि खड्ड्यात चेन उतरत नाही. याला नॅरो-वाइड म्हणतात. आधी एकेरी चेनव्हील वापरणारे दोन्ही बाजूंना चेन अडवणाऱ्या तबकड्या लावायचे, ती गरज यामुळे बरीच संपली.

एकेरी चेनव्हीलचा आपल्याला मोठा फायदा म्हणजे पुढचा डिरेलर निघून जातो. माती अडकायची एक जागा कमी, बिघडायची एक गोष्ट कमी. तोटा असा, की मागच्या गिअरमधलं अंतर वाढतं. समोरून वारा असताना एक गिअर जड आणि पुढचा एकदम हलका वाटतो. माझा हिशेब सरळ आहे. अर्ध्याहून जास्त फिरणं पांदणीत आणि मुरमावर असेल तर एकेरी, ३८ किंवा ४०. अर्ध्याहून जास्त डांबरीवर असेल तर दोनच ठेवा.

आणि हो, चेनव्हील विकत घ्यायच्या आधी मागे बघा. मागचं मोठं चक्र २८ चं असेल आणि तुमच्या मागच्या डिरेलरला ३४ झेपत असेल, तर फक्त मागची कॅसेट बदलून बरंच काम होतं. पुढच्या ४६ वर ४० चे फेरे ४९ वर येतात. डिरेलरचा मॉडेल नंबर त्याच्या अंगावरच असतो, त्यावरून त्याची मर्यादा कळते.

घेण्याआधी पट्टी काढा

आता खरेदी. आपल्या तालुक्याच्या दुकानात चेनव्हील मिळतं, पण ते काळ्या उभ्या सायकलचं. कॉटर पिनचं, जाड चेनचं. गिअरच्या सायकलची चेन बारीक असते, त्यामुळे ते बसणार नाही. म्हणजे वस्तू ऑनलाइन किंवा मोठ्या शहरातून येणार. चुकीची आली तर परतीचे हेलपाटे तुमचे. म्हणून हे पाच मुद्दे ऑर्डर देण्याआधी कागदावर लिहा.

१. बोल्ट आहेत की रिव्हेट? स्वस्त हायब्रिडमध्ये चेनव्हील क्रँकला रिव्हेटने ठोकलेलं असतं. ते सुटं बदलत नाही, पूर्ण क्रँकसेट बदलावा लागतो. तो काढायला क्रँक पुलर लागतो. हातोडी मारून काढू नका, कुणाला मारूही देऊ नका.

२. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास. यालाच बीसीडी म्हणतात. पाच बोल्ट असतील तर शेजारच्या दोन बोल्टच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ६४.७ मिलिमीटर आलं तर बीसीडी ११०, ७६.४ आलं तर १३०. चार बोल्ट सारख्या अंतरावर असतील आणि ७३.५ आलं तर १०४. शिमानोच्या नव्या रोड क्रँकमध्ये चार बोल्ट असमान अंतरावर असतात, तिथे हे माप चालत नाही, मॉडेल नंबरच लागतो. बीसीडीवरून सगळ्यात लहान चेनव्हील ठरतं. १३० वर ३८ च्या खाली जाता येत नाही. ११० वर साधारण ३४ पर्यंत जाता येतं. ३० हवं असेल तर क्रँकच वेगळा.

३. किती स्पीड? मागे ९ चक्रं आहेत, १० की ११, ते मोजा. चेनची रुंदी त्यावर ठरते आणि चेनव्हील त्या चेनशी जुळणारं हवं.

४. फ्रेमला घासेल का? मोठं चेनव्हील घेत असाल तर मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीपर्यंत किती जागा आहे ते बघा. प्रत्येक फ्रेमला मर्यादा असते.

५. बोल्ट आणि चेन. दोनाचं एक करत असाल तर बोल्ट आखूड लागतात, ते सोबतच मागवा. दाते वाढवत असाल तर चेनही लांब लागू शकते.

जुनं घेताय? दाते बघा

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. पण दाते माशाच्या परासारखे एका बाजूला वाकलेले, टोकदार झालेले असतील तर ते चेनव्हील संपलंय. आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ उडते. ती चेनच्या तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करते. म्हणून उन्हाळ्यात तेल कमी घाला आणि वरचं पुसून टाका.

घरातली चेन कंपासपेटीतल्या पट्टीने तपासता येते. चेनचे १२ पूर्ण जोड, म्हणजे २४ कड्या, बरोबर १२ इंच भरायला हव्यात. एक सोळांश इंच जास्त भरलं तर चेन बदला. एक अष्टमांश जास्त भरलं तर चेनने दातेही खाल्लेले असतात. वेळेवर बदललेली चेन महागड्या चेनव्हीलचं आयुष्य वाढवते. उलटं कधीच होत नाही, झिजलेल्या चेनवर नवं चेनव्हील टाकलं तर ते लवकर जातं.

थोडक्यात काय, तर आधी पट्टी, मग गणित आणि शेवटी पैसे. दुकानातला फोटो कितीही भारी दिसू द्या, बोल्टचं अंतर लिहिलेला कागद हातात असल्याशिवाय ऑर्डरचं बटण दाबू नका. आणि पुढचा पाऊस उघडला की वापशाची वाट बघा. गारा असेल त्या दिवशी सायकल घरी ठेवा, नाहीतर खांद्यावर घ्या. रोबिकनेही तेच केलं असतं.

पुढच्या भागात टायरमधल्या हवेबद्दल बोलू. तुमच्या पुढच्या आणि मागच्या दात्यांचे आकडे कमेंटमध्ये टाका, गणित करून सांगतो. भेटू मंडळी!