कन्हानकाठचा फुटबॉल

भंडारा रोडहून नागपूरला जाणारी गाडी कन्हान नदीचा पूल ओलांडते आणि कामठी येते. हीच कन्हान पुढे आंभोऱ्याला आपल्या वैनगंगेला मिळते.

१८२१ साली इंग्रजांनी येथे छावणी वसवली. मद्रासी पलटणींबरोबर तमिळ, तेलुगू बोलणारे आले. उत्तरेकडून मोमीन विणकर आले. विडी वळणारे मराठी कष्टकरी होतेच. विडी कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास कामठीचेच; १९३७ साली ते मध्यप्रांताच्या कायदेमंडळावर निवडून गेले.

इतक्या भाषांच्या या गावाला फुटबॉलने एका मैदानावर आणले. गोऱ्या सोजिरांचा खेळ गावाने आपलासा केला. कामठीच्या रब्बानी क्लबचे नाव विदर्भातील फुटबॉलप्रेमींना ठाऊक आहे. बावीस पोरांना एकच चेंडू पुरतो. बॅट-पॅडचा खर्च विणकराच्या घराला झेपत नाही. आणि चेंडू पुढे देताना आडनाव विचारायला सवड नसते.

रशियात व्होल्गाकाठी कझान शहर आहे. तातार मुसलमान आणि रशियन ख्रिस्ती तेथे शेजारी राहतात. किल्ल्यात मशीद व चर्च दोन्ही आहेत. २०१८ साली तेथे विश्वचषक फुटबॉलचे सामने झाले. तेथे मोठे स्टेडियम आहे. आपल्या पोरांना निदान उघडे मैदान तरी हवे.

वाचकहो, तुमच्या गावातील मोकळ्या जागेवर दुकानांचे गाळे बांधण्याचा ठराव आला, तर ग्रामसभेत उभे राहून एवढेच विचारा : आमच्या पोरापोरींनी खेळायचे कुठे?