वहीतून निवडलेलं व्याकरण

व्याकरणाचं पुस्तक निवडायचं म्हटलं की मी आधी मुलाची वही मागते. बहिणीने मात्र मी यायच्या आतच जेवणाच्या टेबलावर पुस्तकांची चळत लावून ठेवली होती. मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’, बालभारतीची नववी-दहावीची ‘कुमारभारती’, बाजारातली दोन गाइडं, इंग्रजीसाठी रेन आणि मार्टिन, शिवाय रेमंड मर्फी. “ताई, यातलं कुठलं लावू ते तेवढं सांग,” ती म्हणाली. भाचा आतल्या खोलीत होता. तिथूनच त्याने आपलं मत कळवलं, “कुठलंच नको.”

तो चौदा वर्षांचा आहे. सहावीनंतर शाळा सोडून पुण्यात घरीच शिकतो. दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून करणार आहे. तिथे माध्यमिकसाठी चौदा वर्षं पूर्ण असावी लागतात, पाच विषय घ्यावे लागतात आणि त्यात भाषा घ्यावीच लागते. पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, म्हणून वेळेची घाई नव्हती. मुलाच्या नकाराचं काय करायचं, एवढाच प्रश्न होता.

हा नकार आळसातून आलेला नाही, हे त्याच्याशी बोलल्यावर लक्षात आलं. “मावशी, मला मराठी बोलता येतं. लोकांना कळतं. मग अधोरेखित शब्दाची जात ओळखून मी काय करू?” मुलं असं विचारतात तेव्हा त्यांना गप्प करू नये. जे पुस्तक पहिल्या दहा पानांत या प्रश्नाला उत्तर देत नाही, ते अशा मुलाच्या हाती देण्यात अर्थ नाही. तो टेबलावरच्या पुस्तकांतलं एखादं पान उलटायचा आणि ‘रामाने रावणास मारले’ दिसलं की मिटायचा. त्याचं बरोबर होतं. ‘रावणास’ असं आज कुणी बोलत नाही. रोज मराठी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकात आपलं एकही वाक्य सापडलं नाही, तर व्याकरण म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी भाषेचे नियम, असंच त्याला वाटणार.

म्हणून वही. त्याला पक्ष्यांचं वेड आहे. हिवाळ्यात तो वडिलांबरोबर पहाटे कवडीपाटला जातो आणि घरी आल्यावर नोंदी लिहितो. त्या त्याच्या हौसेच्या. त्यातली एक त्याच्या परवानगीने जशीच्या तशी देते: ‘आज चक्रवाक मोजले 11. दुर्बीणीतून नीट दिसले. ते त्यांचे पंख साफ करत होते आणि मग पूलावरून एका काकानी दगड मारला आणि मग सगळे उडाले आणि मी फोटो घेतला पण तो ब्लर आला.’

शिक्षकाची सवय अशी की लाल पेन चुकांवरच जातं. मी आधी बरोबर काय आहे ते पाहिलं. ‘मोजले’ हे क्रियापद ‘मी’कडे न बघता चक्रवाकांकडे बघतं, तो ‘मोजलो’ म्हणाला नाही. ‘दगड मारला’, ‘फोटो घेतला’ इथेही तेच. लिंग-वचन कुठे घसरलेलं नाही. ‘पूल’चं ‘पुला-’ हे सामान्यरूप त्याने केलेलंच आहे, फक्त ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आहे. म्हणजे नामाचे प्रकार, लिंग, वचन हा जो भाग बहुतेक पुस्तकं सुरुवातीला ठेवतात, तो या मुलाला बोलता बोलता येतो. तिथून सुरुवात केली तर महिनाभर त्याला येणाऱ्या गोष्टींची फक्त नावं पाठ करावी लागतील.

आता चुका. ‘त्यांचे पंख’ हवे होते ‘आपले पंख’. इंग्रजी खूप वाचणाऱ्या मुलांच्या मराठीत ही चूक हमखास दिसते. कर्त्याची स्वतःची वस्तू असेल तर मराठी ‘आपला’ म्हणते. ‘त्यांचे’ म्हटलं की वाटतं, पंख दुसऱ्याच कुणाचे आहेत. ‘फोटो घेतला’ही तिथूनच आलं, आपण फोटो काढतो. ‘काकानी’वर अनुस्वार नाही. एकटे असले तरी काका आदरार्थी अनेकवचनी, म्हणून ‘काकांनी’. ‘आणि मग’ची माळ तर लांबलचक आहे. पुस्तकाने शिकवायचं ते एवढंच, आणि यातलं जवळजवळ काहीच पुस्तकांच्या पहिल्या निम्म्या भागात येत नाही.

वाळंब्यांचं पुस्तक मला स्वतःला फार उपयोगी पडतं. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं ते उगाच घोकत नाहीत. बहुतेक सगळं त्यात एका जागी मिळतं. पण ते शोधायचं पुस्तक आहे. पहिल्या पानापासून सलग वाचायला दिलं तर हा मुलगा वर्णविचारातच बसून राहील. गाइडं मी बाजूला काढली, कारण त्यांतल्या रिकाम्या जागा मूळ संकल्पना न कळताही भरता येतात. ‘कुमारभारती’तला भाषाभ्यास पाठाला धरून येतो, थोडका असतो आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तक फुकट मिळतं. ते ठेवलं, पण परीक्षेच्या तोंडावर वापरायला. सुरुवात त्याच्या नोंदवहीपासून करायची आणि वाक्यापासून करायची, असं ठरलं.

पहिल्या दुपारी त्याला एवढंच सांगितलं की आजची वाक्यं भूतकाळात लिही. ‘खंड्या मासा पकडतो.’ त्याने लिहिलं, ‘खंड्याने मासा पकडला.’ मासा बदलून मासोळी केली, ‘पकडली’ झालं. ‘मासे’ केल्यावर ‘पकडले’. खंड्या तोच, क्रियापद बदलतंय. “म्हणजे भूतकाळात खंड्याला कुणी विचारतच नाही,” तो म्हणाला. कर्मणी प्रयोगाची याहून चांगली व्याख्या मला वर्गात कधी मिळालेली नाही. मग त्याने पुढचं वाक्य घेतलं. ‘खंड्या पाणी पितो.’ पेन थांबलं. ‘खंड्या पाणी प्यायला.’ इथे ‘ने’ नाही आणि क्रियापद परत खंड्याकडे.

“बाबा तर ‘त्यानं पाणी प्यायलं’ म्हणतात.” म्हणतात, पुष्कळ लोक म्हणतात, मी सांगितलं. दोन्ही लिहून ठेव. तिथून त्याने जे सुरू केलं त्यात मी फारसं बोललेच नाही. सकर्मक असूनही भूतकाळात ‘ने’ न घेणारी क्रियापदं तो गोळा करायला लागला. ‘ती गाणं शिकली.’ ‘आई निरोप विसरली.’ ‘आजी शालू नेसली.’ ‘तो खोटं बोलला.’ संध्याकाळी आजीला फोन करून त्याने विचारलं, “आजी, तू भात जेवलीस की तू भात जेवलास?” आजी गोंधळली, पण ‘जेवले’ हे उत्तर आलंच.

दुसऱ्या दिवशी त्याचा सिद्धान्त तयार होता. पिणं, शिकणं, जेवणं, नेसणं: या सगळ्यांत वस्तू करणाऱ्याच्याच आत जाते किंवा अंगावर येते. परिणाम दुसऱ्या कशावर होण्याआधी कर्त्यावरच होतो, म्हणून क्रियापद कर्त्याला सोडत नाही. मग मी फक्त ‘खाणे’ हा शब्द टाकला. ‘खंड्याने मासा खाल्ला.’ मासा आतच गेला, तरी ‘ने’ आहे. बराच वेळ तो वहीकडे बघत राहिला आणि त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. ते तिथे अजून आहे. व्याकरणात असं एखादं प्रश्नचिन्ह मुलाचं स्वतःचं असणं मला फार मोलाचं वाटतं.

त्याच वेळी ‘तू’ची गंमत त्याला दाखवली. ‘तू मासा पाहिलास, तू मासोळी पाहिलीस.’ मधला ‘ला’ किंवा ‘ली’ माशाकडून आला आणि शेवटचा ‘स’ ‘तू’कडून. एकच क्रियापद दोघांशी जुळवून घेतं. वाळंबे काढायला लावलं ते इथे: मागची सूची बघ, प्रयोग काढ, याला काय म्हणतात शोध. ‘कर्तृ-कर्मसंकर’ हे नाव त्याने आपणहून मोठ्याने वाचलं. आधी गोष्ट दिसली आणि मग तिचं नाव मिळालं की संस्कृत वळणाचे शब्दही मुलांना जड जात नाहीत.

शुद्धलेखनाला मी कान वापरते. मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये चौदा नियम केले, 1972 मध्ये त्यांत चारांची भर पडून अठरा झाले. एवढे नियम एकदम समोर ठेवले तर कुणीही दमेल. एका वेळी एक नियम घ्यायचा, आणि तोही वहीत चूक सापडली तरच. ‘पूल’ मोठ्याने म्हण, आता ‘पुलावरून’ म्हण. ‘दुर्बीण’, ‘दुर्बिणीतून’. शब्द पुढे वाढला की तो स्वर तोंडातच आखूड होतो; लिहिताना आपण तेच करतो. त्याने लगेच ‘गरुड’ पुढे केला. गरुडाचा ‘रु’ आधीच ऱ्हस्व कसा? तत्सम शब्द आपलं मूळचं रूप राखतात, हे त्याला त्या एका पक्ष्यावरून कळलं. गरुड कधी विसरायचा नाही तो.

इंग्रजीसाठी मर्फी ठेवलं, आणि त्याला कारण त्या पुस्तकाची घडण. 1985 मध्ये पहिल्यांदा आलेल्या ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’मध्ये डाव्या पानावर समजावणी आणि उजव्या पानावर सराव असतो. दोन पानांत एक मुद्दा संपतो. शेवटी उत्तरं आहेत, आणि आपल्याला कुठले भाग लागतात हे तपासायची एक चाचणीही आहे. ती सोडवून त्याने स्वतःच यादी केली. जे येतं ते त्याला पुन्हा करावं लागत नाही. अडून बसणाऱ्या मुलाला याहून मोठी सवलत नसते. रेन आणि मार्टिन चांगलं असूनही मी मागे ठेवलं, कारण त्यातही आधी व्याख्या येतात. मर्फीच्या घडणीचं पुस्तक कुणीतरी मराठीत लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

बहिणीची काळजी वेगळी आहे. रोज वीस मिनिटं वहीवर घालवून अभ्यासक्रम पुरा होईल का? तिचं चुकत नाही. विभक्ती, समास, अलंकार हे परीक्षेसाठी करावंच लागणार. विभक्ती सुरू झाली तेव्हा त्याने तक्ता पाहून विचारलं, “द्वितीया आणि चतुर्थी, दोन्हीचे प्रत्यय तेच. मग दोन कशाला?” प्रत्ययांपेक्षा तिथे अर्थ बघतात, ‘मुलाला पाहिलं’ आणि ‘मुलाला खाऊ दिला’ यांत ‘मुलाला’चं काम वेगळं आहे, हे सांगितलं. पण त्याची शंका अस्सल आहे आणि मोठ्या माणसांनीही तिच्यावर वाद घातले आहेत, हेही सांगितलं. कृ. श्री. अर्जुनवाडकरांच्या पुस्तकाचं नावच ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ आहे, हे ऐकून तो चमकला. व्याकरण म्हणजे ठरून गेलेली गोष्ट, अशीच त्याची समजूत होती.

आता लहान मुलांसाठी कवडीपाटच्या पक्ष्यांची चार पानी माहिती तो लिहितोय. घरी शिकणारी आणखी काही मुलं ती वाचणार आहेत, त्यामुळे ‘आणि मग’ तो स्वतःच खोडायला लागला आहे. परीक्षेचा अर्ज एप्रिलचा भरायचा की ऑक्टोबरचा, यावर मायलेकांचं बोलणं चालू आहे. मी ऑक्टोबर म्हणते. समास अजून व्हायचे आहेत, आणि ‘आपला’च्या जागी ‘त्याचा’ अजूनही मधूनमधून डोकावतो.