तीन दिवसांची ध्वनिमुद्रिका आणि परभणीचं जातं

डिसेंबर २०१५. रोलिंग स्टोन्स हा बँड लंडनच्या ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओत जमला होता तो स्वतःच्या नव्या गाण्यांसाठी. जागा नवखी होती आणि आवाज काही केल्या मनासारखा लागेना. तेव्हा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने सुचवलं, आधी लिटल वॉल्टर या हार्मोनिकावादकाचं एक जुनं ब्लूज गाणं वाजवून बघू, म्हणजे खोलीचा अंदाज येईल. ते वाजवलं आणि आवाज जमून आला. मग दुसरं झालं, तिसरं झालं. नवी गाणी बाजूला राहिली आणि ३ दिवसांत १२ जुन्या ब्लूज गाण्यांची ‘ब्लू अँड लोन्सम’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. शेजारच्या खोलीत स्वतःच्या कामासाठी आलेला गिटारवादक एरिक क्लॅप्टन जाता जाता दोन गाण्यांत वाजवून गेला.

३ दिवस! एकेका गाण्याच्या ढोलावर आठवडा घालवणाऱ्या आजच्या स्टुडिओंच्या काळात हा आकडा पुन्हा पुन्हा मनात येतो. याच बँडची आधीची स्टुडिओ ध्वनिमुद्रिका २००५ची होती. म्हणजे १० वर्षं अडलेलं काम ३ दिवसांत सुटलं.

ते सुटलं याचं कारण कामाच्या रीतीत आहे. आधुनिक स्टुडिओत सहसा प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित करतात. ढोल आज, गिटार उद्या, गायक परवा; प्रत्येकाच्या कानात आधीचा आवाज आणि प्रत्येकजण एकटा. इथे सगळे एका खोलीत बसून एकदम वाजवत होते. ढोलाचा आवाज गिटारच्या माईकमध्ये शिरत होता. गायक मिक जॅगर हार्मोनिका तोंडाला लावायचा तेव्हा त्याच्या फुंकीवर ढोलवादक चार्ली वॉट्सचा हात लगेच हलका किंवा जड व्हायचा. हे आवाज नंतर सहजी वेगळे काढता येत नाहीत आणि वेगळे काढावेत असं ऐकताना वाटतही नाही. जॅगर आणि रिचर्ड्स तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते, पण हार्मोनिका ऐकून वयाचा पत्ता लागत नाही. डिसेंबर २०१६मध्ये ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली आणि २०१८मध्ये तिला पारंपरिक ब्लूजसाठीचं ग्रॅमी मिळालं.

ही ध्वनिमुद्रिका ऐकल्यावर परभणी जिल्ह्यात जातं ऐकायला जावंसं वाटलं, हे वाचकाला विचित्र वाटेल. पण ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीताचा माग काढत गेलं की माणूस कापसाच्या शेतात पोचतो. १९४१च्या ऑगस्टमध्ये लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि संगीताचे अभ्यासक जॉन वर्क अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात तबकड्या कापणारं अवजड यंत्र घेऊन फिरत होते. स्टोव्हॉल नावाच्या मोठ्या कापूसमळ्यावर त्यांनी एका तरुण शेतमजुराचं गाणं त्याच्या घरीच मुद्रित केलं. तो मडी वॉटर्स. आपलाच आवाज तबकडीवर ऐकल्यावर त्याला पहिल्यांदा खात्री पटली, की हे आपल्याला जमतं. दोन वर्षांत तो शिकागोला गेला, गिटारला वीज जोडली, आणि १९५०मध्ये त्याचं जे गाणं आलं त्याच्याच नावावरून १९६२मध्ये लंडनच्या पोरांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं.

परभणीही कापसाचाच मुलूख. काळी जमीन, सेलू-मानवतच्या बाजारातल्या गंज्या, आणि त्या कापसाची वेचणी करणाऱ्या बाया. गाणी त्यांच्याकडेही होती, पण ती पहाटे जात्यावर म्हटली जायची. याच जिल्ह्यात गंगाखेड आहे, संत जनाबाईचं गाव. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो ही कथा इथल्या बायका शेजारणीची गोष्ट सांगावी तशी सांगतात.

सेलू तालुक्यातल्या एका घरी सत्तरीपुढच्या आजी आधी नाहीच म्हणाल्या. “आता कुठं आठवतंय बाबा. गिरणीतून पीठ येतंय, ववी कशाला लागतीय?” नातू फोन समोर धरून बसलेला. “आजी, म्हन की एखादी.” आजींनी अर्धी ओळ म्हटली आणि अडल्या. पुन्हा म्हटली, पुन्हा अडल्या. मग सुनेनं कोपऱ्यातलं जातं ओढलं, वरचं पोतं बाजूला केलं, पाळ पुसली. दोघी समोरासमोर बसल्या, खुंट्यावर दोघींचे हात. सुनेनं ज्वारीची मूठ घातली. रिकामं जातं खडखडत होतं. दाणे पडताच त्याचा आवाज घोगरा आणि भरदार झाला. दोन-तीन फेरे झाले असतील नसतील, आजींच्या तोंडून ओवी सुरू झाली. अडणं नाही, आठवणं नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते ही म्हण आपण नुसती वापरतो. तिथे ती डोळ्यांसमोर खरी झाली.

नातू म्हणाला, “आजी, जात्याचा लई आवाज येतोय. जातं थांबवून म्हन.”

जातं थांबलं. ओवीही थांबली, ओळीच्या मधोमध.

तो क्षण ‘ब्लू अँड लोन्सम’ ऐकताना दर वेळी आठवतो. ओवीची एक ओळ दोन-दोनदा म्हणतात, मध्ये ‘बाई’, ‘सये’ घालतात. तेवढ्यात हाताचा फेरा पुरा होतो आणि पुढची ओळ ओठांवर येते. ब्लूजमध्येही पहिली ओळ दोनदा म्हणून तिसरीत उत्तर देण्याची रीत आहे. दोन्ही गाण्यांचं नातं लावण्याची गरज नाही. पण दोन्हीकडे ओळ पुन्हा म्हणणारा माणूस कामाच्या लयीत विचार करायला वेळ घेतो आहे. या लयीला आपण ‘नॉइज’ म्हणून कापून टाकलं तर हाती फक्त शब्द उरतात.

हे जाणणारी माणसं परभणीत येऊन गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या कागदावर उतरवून घेतल्या. १९९६पासून बर्नार्ड बेल यांच्या साथीने ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि सुमारे १२० तासांचा आवाज जमा झाला. बाया चालीला ‘गळा’ म्हणतात. तो गळा कागदावर येत नाही, म्हणून ही मुद्रणं मोलाची. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ताडकळस गावी गंगूबाई अंबोरे यांचा आवाज मुद्रित झाला. त्यांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या गायल्या. तो आवाज ऐकावा. त्यात सीतेची गोष्ट सांगितली जात नाही, सोसली जाते. मडी वॉटर्सला तबकडीनं शिकागोची वाट दाखवली. आपल्याकडच्या बायांना अशी वाट कुणी दाखवली नाही. ही खंत नोंदवलीच पाहिजे. आज हा संग्रह ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो.

लंडनच्या त्या मंडळींना महागड्या स्टुडिओत ३ दिवस मिळाले. मराठवाड्यातल्या घराघरांत अजून एखादी आजी आहे, एखादं जातं पोत्याखाली आहे, आणि फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. लग्नाच्या हळदीला जातं बाहेर निघतंच. तेव्हा फोन जात्यापासून दोन हातांवर ठेवा, आजीला मध्ये थांबवू नका, मागे कीबोर्ड लावू नका. मुद्रण झाल्यावर आजीचं नाव, माहेर, सासर, गाव आणि तारीख तिथेच बोलून नोंदवा. आणि जातं थांबवायला सांगू नका.