जांब म्हटलं की फुली, पेरू म्हटलं की बरोबर!

शेजारच्या काकांना लकवा आला तेव्हा उजवा हात लुळा पडला आणि जीभ अडखळू लागली. हात हळूहळू सावरला. बोलणं किती शिल्लक आहे हे पाहण्यासाठी दवाखान्यात त्यांच्यापुढे एकेक चित्र धरण्यात आलं. एका चित्रात कापलेलं, बियांचं फळ होतं. काका म्हणाले, "जांब हाय ना!" तपासणाऱ्या बाई दूरच्या गावच्या, त्यांच्या कागदावर 'पेरू' लिहिलेलं. मदत म्हणून त्यांनी पहिलं अक्षर सुचवलं, "पे..." काका गोंधळले आणि म्हणाले, "पेन?" कागदावर फुली पडली.

वाचकहो, या फुलीत काकांच्या मेंदूचा दोष किती आणि कागदाचा किती, हे पांढुर्णा-सौंसरच्या मराठी माणसाने विचारायलाच हवं.

चित्र दाखवून नाव विचारणं वरवर पोरखेळ वाटतो. पण त्यात बरंच काही घडतं. वस्तू डोळ्यांनी ओळखायची, तिचा शब्द मनातून शोधून काढायचा आणि तो तोंडातून नीट उच्चारायचा. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झाला की यातला एखादा दुवा तुटतो, आणि कोणता तुटला हे अशा चाचणीतून कळतं. या प्रकारातली जगभर वापरली जाणारी चाचणी बोस्टनची. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आवृत्तीत रेघांनी काढलेली साठ चित्रं आहेत, सोपी आधी आणि कठीण नंतर. सुरुवात पलंगापासून होते. पुढे बर्फाचं घर इग्लू, नदीत बांध घालणारा बीव्हर, पिळाची खारी बिस्किटं असं एकेक येतं. लागोपाठ काही चित्रं चुकली की चाचणी थांबवतात. आता मोहखेडच्या की मोहगावच्या, कुठल्या आजीने बीव्हर पाहिला आहे? तिला नाव आलं नाही, तर त्यावरून तिच्या आजाराविषयी काय कळणार?

म्हणून अशी चाचणी नुसती भाषांतरित करून चालत नाही, ती नव्याने बसवावी लागते. हे शहाणपण आपल्याकडे जुनं आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने घडवली आणि त्यावरचा लेख १९३४ साली प्रसिद्ध केला. सीमाभागातल्या दोन भाषांचा विचार तेव्हा झाला होता, हे आज मुद्दाम आठवावंसं वाटतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा स्मृतिभ्रंश तपासणीचा जो संच २०२०च्या सुमारास पुढे आला, त्यात चित्रं ओळखण्याची चाचणी आहे. पण तो आधी तयार झाला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये. त्या पाचांत मराठी नव्हती.

आणि मराठी असली तरी कुठली? १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, तोही याच राज्यात. शाळा-कचेरीत हिंदी, घरात वऱ्हाडी वळणाची मराठी. पुण्याचा बटाटा आपल्या ताटात आलू होतो, कोथिंबिरीला आपण सांभार म्हणतो, पातेल्याला गंज आणि बैलगाडीला बंडी. सांभार म्हटलं की पुण्याच्या माणसाला इडली आठवेल, तो त्याचा प्रश्न! पण उत्तरं तपासणाऱ्याच्या कागदावर हे शब्द बरोबर म्हणून लिहिलेले नसले, तर शाबूत डोक्याचा माणूसही नापास होतो.

यावर शास्त्रात साधी वाट आहे. चाचणी वापरण्याआधी त्याच भागातल्या धडधाकट माणसांना चित्रं दाखवायची. शिकलेली आणि न शिकलेली, तरुण आणि म्हातारी, शेतातली आणि दुकानातली अशी सगळी माणसं त्यात हवीत. किती जण कोणतं नाव घेतात ते मोजायचं. ज्या चित्राला दहा जण दहा नावं देतील ते बाजूला काढायचं. पहिलं अक्षर सुचवायचं तेही इथल्या शब्दाचं, 'पे' नव्हे तर 'जां'. शाळेत न गेलेल्यांसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. काळ्या रेघांचं चित्र वाचायचीही सवय लागते; रंगीत फोटो किंवा खरी वस्तू समोर ठेवली तर त्यांना बरं पडतं.

उरला दोन भाषांचा प्रश्न. अमेरिकेत स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांना बोस्टनची चित्रं दाखवून १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणत्याही एका भाषेत नाव आलं तरी ते बरोबर धरलं, तेव्हा त्यांचे गुण वाढले. आपल्या काकांनीही 'अमरूद' म्हटलं असतं, तर ते बरोबरच होतं. चौथीतल्या पोट्ट्याला घरात बंडी ठाऊक आणि पुस्तकात बैलगाडी. गुरुजींनी एकच शब्द धरला तर तो मुका ठरतो.

काकांच्या पुढच्या तपासणीला सूनबाई सोबत गेल्या. घरात कोणत्या वस्तूला काय म्हणतात, याची दोन पानं त्यांनी आधीच लिहून बाईंच्या हाती दिली. बाईंनी ती शांतपणे वाचली आणि आपल्या कागदाच्या कडेला पेनाने शब्द उतरवून घेतले. मग चित्र आलं दोन चाकांचं, बैल जुंपलेलं. काका बराच वेळ पाहत राहिले. बाई म्हणाल्या, "बं..."

"बंडी," काका म्हणाले.